गोळीचा वार

कामावर हजर व्हायला उशीर झाला तर कुठलं कारण चालतं, याचा आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात एक अलिखित क्रम ठरलेला आहे. पहिला मान बिबट्याचा. "घरामागच्या उसात बिबट्या दिसलाय, थोड्या वेळाने येते," असा निरोप मी मध्यंतरी ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, तर पुण्यापासून बंगळुरूपर्यंत सगळ्यांचा जीव वरखाली झाला. एरवी माझ्या निरोपाला अंगठासुद्धा न दाखवणारे साहेब स्वतः फोन करून म्हणाले, "मॅडम, दारं-खिडक्या लावून घ्या, मीटिंग उद्या घेऊ." बिबट्याच्या खालोखाल लाइट. मग लग्न, दहावा, गावची यात्रा, टोमॅटोची तोडणी, कांद्याची भरणी. "सकाळी माझी बोटं वळत नाहीत" हे कारण या यादीत कुठेच बसत नाही. ते सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता, मग "ओके, टेक केअर", आणि त्याच दमात, "साडेनऊला जॉइन होताय ना मग?"

बिबट्याची थट्टा करावी असे दिवस नाहीत, हे मलाही कळतं. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे अशी धरणं झाली, पाट आले, पाटामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. आता त्याच्या पिढ्या उसातच जन्मतात. ऊसतोडीत बछडी सापडतात, वनखातं त्यांना आईच्या वाटेवर परत ठेवतं. पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातात. या भागात माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. शेतीची लाइट रात्रीची असली की आमचे हे बॅटरी आणि काठी घेऊन पाणी धरायला जातात आणि ते परत येईपर्यंत सासूबाई दारातून हलत नाहीत. तेव्हा बिबट्याला पहिला मान आहे तो रास्तच आहे. माझं म्हणणं एवढंच की तो निदान ठसे तरी ठेवून जातो. माझ्या दुखण्याला तेवढीही रीतभात नाही.

दुखणं म्हणजे आमवात. डॉक्टरांच्या कागदावर रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची राखण करायला जी यंत्रणा असते, ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. बोटांचे सांधे, मनगटं, पायांचे चवडे, आणि डावीकडे दुखलं की उजवीकडेही. बायकांमध्ये याचं प्रमाण पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आहे आणि तो म्हातारपणाची वाट बघत बसत नाही; मला ऐन पस्तिशीत गाठलं. सकाळ ही त्याची खास वेळ. उठल्यावर तास-दीड तास बोटं अशी आखडलेली की टूथपेस्टचं झाकण हा पहिला अडथळा, नळाची चावी दुसरा, ब्लाऊजचे हुक तिसरा. कुकरचा दांडा मी कोपराने दाबते. चहाचा कप कानाला धरून उचलायचा नाद मी कधीच सोडला. दोन्ही तळव्यांत धरते, त्यात शेकही मिळतो. साडेनवाच्या मीटिंगला मी कॅमेऱ्यात हसते तेव्हा टेबलाखाली माझे हात गरम पाण्याच्या पिशवीवर असतात. दहा-साडेदहाला सांधे सैल व्हायला लागतात आणि अकराला मी चारचौघींसारखी होते. गावाची आणि माझी गाठ पडते ती बरोबर अकराला. अकराच्या मला बघणाऱ्याला साडेसहाची मी म्हणजे थाप वाटते.

त्यात माझं काम आरोग्यविम्याचे दावे तपासण्याचं. लोकांची डिस्चार्ज कार्डं, बिलं, तपासण्यांचे रिपोर्ट वाचायचे, पॉलिसीच्या कलमांशी ताडून बघायचे आणि दावा बसतो की नाही ते लिहायचं. म्हणजे दुसऱ्यांच्या आजारपणावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. 'आधीपासूनचा आजार' या कलमाशी तर रोजचीच गाठ. पूर्वी अशा आजारासाठी चार वर्षांपर्यंत थांबावं लागायचं, 2024 मध्ये विमा नियामकाने ती मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. थोडक्यात, तीन वर्षांत विमा कंपनीसुद्धा तुमचा आजार मान्य करते. आमच्या घराला त्याहून जास्त लागली.

घराचा दोष नाही. माझं माहेर मंचरकडचं, सासर नारायणगावच्या अलीकडे. दोन्हीकडे कामाची व्याख्या एकच आणि सरळ आहे. उभ्याने किंवा वाकून केलं ते काम. बसून केली ती विश्रांती. आणि मी बसते ती खुर्चीवर, पंख्याखाली, कानाला यंत्र लावून, कुठल्या तरी परक्या बाईशी इंग्रजीत हसत. पाहुणे आले की सासूबाई कौतुकानेच सांगतात, "आमची सून घरीच असती." या 'घरीच'मुळे गॅस सिलिंडर, वायरमन, कुरिअर, शाळेच्या गाडीतून उतरणारी आमची आणि शेजारची पोरं, दुधाचा हिशेब आणि वाट चुकून अंगणात आलेलं कुणाचंही शेरडू, ही सगळी खाती आपोआप माझ्याकडे आली.

एकदा तिमाहीचा आढावा चालू होता. मी माइक बंद करून ऐकत होते. सासूबाई वाटाण्याच्या शेंगांची पाटी घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी ठेवून म्हणाल्या, "कान तिकडं लागत्यात ना? हात मोकळेच हायेत. तेवढ्या सोल." युक्तिवाद बिनतोड होता. मी दोन शेंगा सोलल्या, तिसरीला अंगठा नको म्हणाला. सासूबाई बघत होत्या. "त्या बटणांवर तर बोटं नाचत्यात तुझी, मग शेंगेला काय झालं?" खवचटपणा नव्हता त्यात, खरोखरचा प्रश्न होता. कीबोर्डला नुसता स्पर्श लागतो आणि शेंगेला चिमटीतला जोर, आणि तो चिमटीतलाच जोर गेलाय, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझा अंगठा हातात घेऊन, आंबा पिकलाय का बघावं तसा दाबून पाहिला. मी ओरडले. माइक, मला वाटलं होतं तसा, बंद नव्हता. तिकडून प्रश्न आला, "लेपर्ड?"

खरं म्हणजे घरून काम ही आमच्या भागाला नवी गोष्ट नाहीच. कुंभार, सोनार, शिंपी, सगळे घरूनच काम करत आले. कुलकर्ण्याचं दप्तर त्याच्या वाड्यातच असे. गावाचा वसूल, जमिनीची नोंद, सगळा कारभार बैठकीवर मांडी घालून. लिहायला कागदही गावचाच, जुन्नरी. पेशवाईत त्याला नाव होतं. त्या कुलकर्ण्याला कुणी "घरीच असता, तर जरा शेंगा सोला" म्हटल्याची नोंद कुठल्या दप्तरात असेल असं वाटत नाही. घराबाहेर पडून, एसटीने किंवा कंपनीच्या बसने जाऊन, दुसऱ्याच्या छताखाली केलं तेच काम, ही समजूत चाकणच्या कारखान्यांनी आणि हिंजवडीच्या काचांनी आणली. मीही तशी वर्षानुवर्षं गेले. पुण्यात खोली, शनिवारी गाव. चाकणच्या चौकात गाडी अडकली की गुडघे, चवडे आणि क्लच यांचं जे संमेलन भरतं, त्यावर मी आणखी लिहीत नाही.

माझ्या नोकरीला घरात पहिला खरा मान दिला तो मामंजींनी. ते माझा पगार क्रेटमध्ये मोजतात. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात वीस किलोच्या क्रेटला काय भाव निघाला ते बघायचं आणि सूनबाईचा महिना किती क्रेटचा झाला ते काढायचं. 2023 च्या जुलैमध्ये क्रेट दोन हजारांच्या वर गेला, ज्यांचा माल तेव्हा निघाला त्यांनी सोनं लुटलं, आणि माझा पगार आमच्या पडवीच्या एका कोपऱ्यात मावेल एवढा झाला. मामंजी माझ्याकडे सहानुभूतीने बघायचे. पुढे दोन-तीन महिन्यांत भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी सुटेना. तेव्हा माझा पगार टेम्पोभर झाला. तेव्हापासून मीटिंग चालू असताना ते रेडिओचा आवाज आपण होऊन कमी करतात. टोमॅटोने जे केलं ते माझ्या ब्लड रिपोर्टला जमलं नाही.

आजारालाही एकदाच असे चांगले दिवस आले होते. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, कंपनीने लॅपटॉप हातात देऊन घरी पाठवलं आणि मी गावी आले. त्याच सुमाराला जगाला शोध लागला की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही करोनावरची संजीवनी आहे. मुळात मलेरियाची ही गोळी आमवाताचे आणि ल्युपसचे रुग्ण वर्षानुवर्षं घेत आलेले. मीही घेत होते. अमेरिकेचे अध्यक्ष तिचं नाव घ्यायला लागले, भारताने निर्यात थांबवली, मग सैल केली, आणि मधल्या मध्ये ज्यांचं रोजचं औषध होतं त्यांना दुकानात ते मिळेना. मेडिकलवाला चिठ्ठी तीनदा वाचून विचारायचा, "करोनासाठी नाही ना?" मी म्हणायचे, "सांध्यांसाठी." त्याच्या डोळ्यांत सरळ अविश्वास. पण गावात माझा भाव वधारला. एवढे दिवस ज्यांना माझा आजार दिसत नव्हता ते अंतर राखून दारात उभे राहायचे आणि हळूच म्हणायचे, "ताई, दोन गोळ्या जादा असतील तर..." कुणाला म्हणून दिल्या नाहीत. पुढे मोठ्या चाचण्यांत ती गोळी करोनावर कुचकामी ठरली आणि मी पुन्हा पहिल्यासारखी धडधाकट झाले.

माझं मुख्य औषध वेगळंच आहे. मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर वार ठरवून देतात आणि चिठ्ठीवर त्या वाराखाली दोन रेघा मारतात. माझा वार शनिवार. कारण दुसऱ्या दिवशी जी मळमळ आणि गळाठा येतो, तो रविवारात मावतो आणि सोमवारी कंपनीचं काही अडत नाही. आजाराने सुट्टीच्या दिवशी कामावर यावं, अशी ही सोय मी स्वतः केली आणि कंपनीने तिचं कौतुकही केलं. हे कौतुक मला पटलेलं नाही. सासूबाईंचा आक्षेप वेगळा होता. शनिवारी नवं औषध सुरू करू नये. तोही मिटला, कारण गोळी रात्री जेवल्यावर असते आणि तोवर मारुतीला तेल घालून झालेलं असतं. पण त्या गोळीने माझी बाजू कायमची कमकुवत केली. रोज मूठभर गोळ्या खाणारा तो आजारी, हे गावाला कळतं. "आठवड्याला एकच गोळी? एवढुशी? मग काय व्हतंय तुला," असं वरच्या आळीच्या आजी म्हणाल्या आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या गोळीचं मूळ आपल्याकडचं आहे हे मला फार आवडतं. आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधन करत होते. त्यांच्या चमूने आधी फॉलिक अॅसिड बनवलं, मग त्याचाच मार्ग अडवणारी, कॅन्सरवर चालणारी द्रव्यं; त्यांत हे मेथोट्रेक्सेट. सांध्यांसाठी त्याचा कमी मात्रेत उपयोग पुढे रुळला. गंमत अशी की मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून मला इतर वारी गोळी मिळते ती फॉलिक अॅसिडची. घावही त्यांचाच आणि मलमही त्यांचंच. सुब्बाराव 1948 मध्ये गेले, आमच्या मेडिकलवाल्याला त्यांचं नाव सांगितलं तर म्हणाला, "कोणत्या कंपनीचे?"

गोळीवर विश्वास नसला तरी उपायांची आमच्याकडे टंचाई नाही. निरगुडीच्या पाल्याचा शेक, एरंडेल, डिंकाचे लाडू, गरम वाळूची पुरचुंडी. आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला आदिवासी बांधव बाळहिरडा गोळा करतात, वाळवून विकतात. तो आमच्या माहेरी आजारागणिक निघतो. आई फोनवर सांगते, "हिरडा घे, पोट साफ तर सांधे साफ." मी यातलं शेकाचं सगळं घेते, कारण शेकाने खरंच बरं वाटतं आणि शेकायला जे बसतं ते माणूस अर्धा तास जवळ असतं. 'गोळी बंद करून बघ' हा सल्ला मात्र उंबऱ्याबाहेर. राहिला पथ्याचा भाग. बटाटा वातूळ, वांगं वातूळ, पावटा वातूळ, हरभऱ्याची डाळ तर विचारूच नका. म्हणजे मासवडीवर संक्रांत. बेसनाचा गरम लगदा कापडावर थापायचा, त्यावर तीळ-खोबरं-लसणाचं सारण पसरायचं आणि कापडासकट वळून माशासारखा आकार आणायचा. हे वळणं आता माझ्या बोटांना जमत नाही. तेव्हा घरात विभागणी झालीय. वळतात सासूबाई, खाते मी, आणि वातूळ म्हणून हळहळतात शेजारच्या काकू, दोन वाट्या रस्सा पिऊन.

डॉक्टर पुण्यात. दर वेळी जाणं नको म्हणून मधल्या भेटी मोबाइलवर. 2020 च्या मार्चअखेरीस सरकारने असल्या दूरच्या तपासणीचे नियम काढले, त्याचा माझ्याइतका उपयोग क्वचितच कुणी केला असेल. डॉक्टर म्हणतात, "मूठ वळून दाखवा." मी हळूहळू मूठ वळत जाते आणि अर्ध्या मुठीला चित्र गोठतं. माझी मूठ अडली की नेटवर्क अडलं, हे दोन्ही बाजूंना कळत नाही. हात फार दुखत असले की मी बोलून टाइप करायचा प्रयोग करते. 'रुग्ण तापामुळे दाखल झाला' असं इंग्रजीत सांगायला जावं आणि नेमका रस्त्यावरून टेम्पो जावा. "कांदे-बटाटे घ्या"चं त्या यंत्राने "कॅन दे बट टेक दिया" असं काहीतरी केलं आणि ते एका अपेंडिक्सच्या दाव्याच्या शेऱ्यात गेलं. वरिष्ठांनी तो शेरा मंजूर केला.

नेटवर्कबद्दल बोलायची आम्हाला सोय नाही. कारण आमच्या पूर्वेला खोडद आहे. तिथली महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, तीस तबकड्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाची, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेली. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. जागा निवडली त्यामागे एक कारण हे की इथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी. आजही आसपास कारखाना काढायचा तर तो गोंगाट करणार नाही ना, हे आधी बघितलं जातं. 2023 च्या जानेवारीत बातमी आली की साडेआठ अब्जांहून अधिक प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनची कुजबुज या दुर्बिणीने टिपली. त्याच दिवशी मला हिंजवडीचा आवाज येत नव्हता. दर वर्षी 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, दुर्बीण लोकांसाठी खुली असते. मामंजी हौसेने जाऊन आले आणि रात्री जेवताना म्हणाले, "डोळ्याला काय बी दिसत नाय तिथं. समदं आकड्यात. पण खरं असतंय म्हणं." मी म्हटलं, "मामंजी, माझे रिपोर्टही आकड्यातच असतात." ते हसले. भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली. आमच्यात ती मोडून देण्याची पद्धत तेव्हापासून पडली आहे. भाकरी मोडतानाही चिमटीतला जोर लागतो.

पण नारायणगावच्या शेजारी राहून दुखण्याबद्दल बोलायला तोंड लागतं. हे विठाबाईंचं गाव. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. पाडव्याच्या सुमाराला इथे तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात, आणि त्या गर्दीत विठाबाईंची ती गोष्ट कुणीतरी सांगतंच: दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. सांगणारा ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि शेवटी नजर माझ्या खुर्चीकडे वळते. मला ही गोष्ट ऐकून दर वेळी पुढे बसलेल्या लोकांची लाज वाटते. नाळ दगडाने तोडणाऱ्या बाईला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, आणि म्हातारपणी पैशाची ओढाताणही तिच्याच वाट्याला आली. तिच्या धीराचं कौतुक करताना तिला त्या रात्री घरी का जाता आलं नाही हे कुणी विचारत नाही. माझ्या आजारपणाच्या रजा मोजणाऱ्या माणसाने ही गोष्ट प्रेरणा म्हणून मला सांगू नये, एवढीच विनंती.

मला प्रेरणा हवीच असेल तर मी फ्लॉरेन्स नाइटिंगेलची घेते. हातात दिवा घेऊन फिरणारी एवढीच ती आपल्याला शाळेत भेटते. क्रिमियाच्या युद्धावरून 1856 मध्ये परतली ती जुनाट दुखणं घेऊन, आणि पुढची कित्येक वर्षं तिने बहुतेक सगळं काम अंथरुणातून आणि कोचावरून केलं. हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्यावर जो मोठा चौकशी अहवाल 1863 मध्ये निघाला त्यात तिचा केवढा तरी वाटा. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. आणि या बाईने हिंदुस्थानात पाऊल टाकलेलं नाही. मोठमोठे लोक तिच्या भेटीची वेळ मागून घेत आणि ती तब्येत बघून होकार-नकार कळवी. तिच्या सासूने शेंगांची पाटी पुढे ठेवली नाही, याचं कारण ती लग्नाला तयारच झाली नाही.

मध्ये कंपनीकडून एक फॉर्म आला. आपण दिव्यांग आहात काय, हो किंवा नाही. 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. पार्किन्सन्स आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे, पण आमवात नावाने नाही. सांधे वाकडे होऊन हालचाल गेली तर चलनवलनाच्या खात्यात बसता येतं. म्हणजे औषध नीट घेऊन बोटं सरळ ठेवली तर मी कायद्याने निरोगी. मी 'नाही'वर खूण केली. सकाळची वेळ होती, माउस हातातून दोनदा निसटला.

गावात माझं काम 'दिसायला' लागलं ते एका वेगळ्याच वाटेने. कुणाच्या तरी मुलीचं ऑपरेशन झालं, विम्याचा दावा परत आला, आणि त्यांना कुणीतरी सांगितलं की अमक्याची सून तेच करते. मी कागद बघितले, डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची वेळच नव्हती, ती घालून आणायला सांगितली, दावा मिळाला. तेव्हापासून संध्याकाळी ओट्यावर माणसं यायला लागली. पिशवीतून फाइल निघते, फाइलमधून एक्स-रे, त्यात गुंडाळलेली देवाची अंगाऱ्याची पुडी. सासूबाई त्यांना पाणी देतात आणि म्हणतात, "थांबा, कामात हाय ती." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दाराआड उभी राहून दोनदा ऐकलं.

वरच्या आळीच्या आजी आल्या त्या कागद न घेताच. त्यांना नातवाच्या दाव्याचं विचारायचं होतं. बोलता बोलता त्यांनी हात गुडघ्यावर ठेवले आणि मी बोलायची थांबले. चारही बोटं करंगळीच्या बाजूला कललेली, मुळांशी सांधे टेंगळासारखे वर आलेले. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या तक्त्यावर हेच चित्र आहे, खाली 'उपचार न घेतल्यास' असं लिहिलेलं. किती वर्षं झाली, विचारलं. "थोरला रांगत व्हता तवापासनं." थोरला आता आजोबा आहे. "दुखतंय का?" "सकाळच्या पारी लई. मग पाण्यात हात घातलं की जरा सैल पडत्यात. तवर धार काढायची तळव्यानं." तळव्याने म्हशीची धार कशी काढतात, ते त्यांनी हवेत करून दाखवलं. कांदालागण, निंदणी, दळण, आठ माणसांच्या भाकऱ्या, सगळं याच हातांनी, आणि कुणी वैद्याला दाखवलं नाही कारण काम कुठे अडलंच नाही. मला शनिवारच्या गोळीवरून बोलणाऱ्या त्या याच.

मागे लागून त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. रक्त तपासलं, एक्स-रे काढले. वाकडी बोटं आता सरळ व्हायची नाहीत, पण दुखणं कमी करता येईल, असं डॉक्टर म्हणाले आणि तीच आठवड्याची गोळी सुरू केली. दुसऱ्या दिवशी आजी फाइल घेऊन थेट माझ्या टेबलापाशी. मी मीटिंगमध्ये. त्यांनी कॅमेऱ्यातल्या माणसांना एकदा नीट बघून घेतलं, नमस्कार केला आणि मला विचारलं, "वार कंचा धरू?"

मी माइक बंद केला, या वेळी दोनदा बघून. सोमवारी त्यांचा उपास, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुती. बुधवार ठरला.

"आन् हे बघ," त्यांनी तपासणीचं बिल पुढे केलं. "एवढ्या पैशात शेळी आली असती."

"आली असती," मी म्हटलं, "पण आजी, या हातांनी तुम्ही धार कशी काढणार?"

"म्या कशाला? तूच काढशील की. घरीच तर असती."